दरीच्या मापाची विमाने : ड्रुक एअरने पारो, बुमथांग आणि परत

माझे वडील, अण्णा, बत्तीस वर्षे एसटीत चालक होते आणि त्यातली बहुतेक वर्षे वाई आगारात गेली. पसरणी आणि आंबेनळी हे दोन घाट त्यांना तळहातावरच्या रेषांसारखे पाठ आहेत. मला स्वतःला लहान देशांच्या विमान कंपन्यांविषयी फार दिवसांपासून ओढ आहे, कारण त्या कंपन्यांच्या इतिहासात त्या देशाचा भूगोल जसा वाचता येतो तसा मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात येत नाही. भूतानची ड्रुक एअर ही त्यातली माझी सर्वांत आवडती कंपनी. गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे तिच्या विमानांनी आठ दिवस फिरून आलो. घाटातून गाडी नेण्यात हयात घालवलेला माणूस शेजारी नसता, तर यातले निम्मे मला समजले नसते.

पहिला दिवस : कोलकाता

पुण्याहून दिल्लीमार्गे जाणे सोयीचे झाले असते, पण जाताना मी मुद्दाम कोलकात्याचा मार्ग निवडला. ड्रुक एअरची स्थापना ५ एप्रिल १९८१ रोजी राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राजाज्ञेने झाली आणि तिचे पहिले नियमित उड्डाण ११ फेब्रुवारी १९८३ रोजी भूतानमधल्या पारोहून कोलकात्याला झाले. विमान होते डॉर्निअर २२८, अठरा आसनांचे. राष्ट्रीय कंपनीचा सगळा ताफा म्हणजे ते एकच विमान होते. तो पहिला मार्ग आपणही एकदा उडावा, एवढीच माझी इच्छा होती. रात्र विमानतळाजवळच्या एका साध्या लॉजमध्ये काढली.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देऊन ठेवते. भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालत नाही. अण्णांकडे पासपोर्ट नव्हता आणि मतदार ओळखपत्रावर त्यांचे काम विनासायास झाले. आमच्या वेळी शाश्वत विकास शुल्क माणशी दर रात्रीला १,२०० रुपये होते. ते आधीच ऑनलाइन भरून परवान्याची छापील प्रत जवळ ठेवलेली बरी.

दुसरा दिवस : कोलकाता ते पारो

आमचे विमान एअरबस ए३१९ होते. त्याच्या शेपटावर भूतानचा ध्वज रंगवलेला असतो, पिवळा आणि नारिंगी, आणि त्यावरून तिरका गेलेला पांढरा ड्रॅगन. ड्रुक म्हणजे मेघगर्जनेचा ड्रॅगन, आणि भूतानी लोक आपल्या देशाला ड्रुक युल म्हणतात. हवाई सुंदरी किरा नेसलेल्या होत्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हलकेच ‘ला’ लावत होत्या. आपण आदराने ‘जी’ म्हणतो, त्याच जागचा हा ‘ला’. अण्णांनी तो तासाभरात उचलला आणि पुढचे सगळे दिवस भेटेल त्याला ते ‘थँक्यू ला’ म्हणत राहिले.

माझ्या शेजारी साठीच्या एक भूतानी बाई आणि पलीकडे त्यांचा मुलगा बसला होता. बाईंच्या हाताला सलाईनची खूण अजून होती. कोलकात्याच्या रुग्णालयात महिनाभर राहून त्या परत चालल्या होत्या. भूतानमध्ये उपचार मोफत असतात आणि जे उपचार देशात होऊ शकत नाहीत त्यांसाठी सरकार रुग्णाला स्वतःच्या खर्चाने भारतात पाठवते, हे मी वाचले होते. त्या व्यवस्थेतून सुखरूप परतणारे माणूस मात्र प्रथमच पाहत होते. मुलगा चांगले हिंदी बोलत होता. तो म्हणाला, “आईला कोलकात्यात डॉक्टर आवडले, भात आवडला नाही.” बाईंनी पिशवीतून वाळवलेल्या चीजचा एक टणक चौकोनी तुकडा काढून अण्णांना दिला. याला तिथे चुगो म्हणतात. तो चावायचा नसतो, गालात धरून ठेवायचा असतो. अण्णांचा तो तुकडा पारो येईपर्यंत विरघळला नव्हता.

कोलकात्याहून जाताना डावीकडची खिडकी घ्यावी. अर्ध्या तासाने बंगालचे सपाट हिरवे मैदान संपले आणि त्याच बाजूला ढगांच्या वर कांचनजंगा उभे राहिले. थोड्याच वेळात विमान डोंगरांमध्ये उतरू लागले, आणि त्यानंतरची काही मिनिटे मी कधीच विसरणार नाही.

पारोचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २,२३५ मीटर उंचीवर एका अरुंद खोऱ्यात आहे आणि आजूबाजूची शिखरे साडेपाच हजार मीटरपर्यंत जातात. सरळ रेषेत उतरायला इथे जागाच नाही. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीपर्यंत आणून सोडणारी रेडिओ-यंत्रणा असते, तीही इथे नाही. वैमानिक डोळ्यांनी खोरे पाहत, ठरलेल्या खुणांवरून वळत उतरतात, आणि म्हणूनच इथली विमाने फक्त उजेडात आणि स्वच्छ दृश्यमानतेत ये-जा करतात. यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले मोजकेच वैमानिक आहेत. विमान आधी उजवीकडे कलले, मग डावीकडे, आणि माझ्या खिडकीत आकाशाऐवजी डोंगराची उतरण आली. पाइनची झाडे एकेक करून मोजता यावीत इतकी ती जवळ होती. मग पंखाच्या टोकापलीकडे, आमच्याच उंचीवर, एक घर आले. नक्षीची लाकडी खिडकी, दगडांनी दाबलेले छप्पर आणि त्या छपरावर वाळत घातलेल्या मिरच्यांचा एक लालभडक चौकोन. तो चौकोन पुढच्या क्षणी मागे गेला, विमानाने शेवटचे वळण घेतले, आणि धावपट्टी दिसली न दिसली तोच चाके टेकली.

विमानात कोणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मंत्र म्हणत होत्या. अण्णा पुढच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी धरून बसले होते, पण भीतीने नव्हे. ते म्हणाले, “वळणाच्या आधीच वेग मारला होता त्यानं, वळणात ब्रेकला हात लावला नाही. घाट पाठ आहे त्याला.”

विमानातून शिडीने उतरून पायीच इमारतीत जायचे असते. इमारत पारंपरिक पद्धतीची, रंगवलेल्या लाकडी तुळयांची आहे. हवेत पाइनचा आणि गारठ्याचा वास होता. बाहेर आमचा गाईड घो घालून उभा होता. घड्याळ अर्धा तास पुढे करून घेतले. दुपारी लाल भात आणि एमा दात्शी जेवलो. एमा म्हणजे मिरची आणि दात्शी म्हणजे चीज. मिरची इथे तोंडी लावायला नसते, तीच भाजी असते. आमच्या साताऱ्याच्या माणसालाही तिने डोळ्यांत पाणी आणले. तिखट सोसत नसेल तर बटाट्याची केवा दात्शी किंवा अळंबीची शामू दात्शी मागावी.

तिसरा दिवस : बोंदेचा चढ

बहुतेक पर्यटक पारोच्या पहिल्या सकाळी ताक्त्सांगचा मठ चढायला जातात. आम्ही तो दुपारनंतर दुरूनच पाहिला, कारण अण्णांचे गुडघे तेवढ्या चढाला राजी नव्हते. सकाळ मात्र संपूर्णपणे विमानतळाच्या वरच्या रस्त्यावर घालवली. बोंदे गावाच्या वर एक वळण आहे, तिथून सगळी धावपट्टी पारो छू नदीला समांतर पसरलेली दिसते. कापणी झालेली शेते, पेंढ्याच्या गंजी, नदी, आणि त्यांच्यामध्ये २,२६५ मीटरची ती काळी रेघ. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तीही समुद्राच्या पातळीवर. पारोच्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. वास्तविक इथे धावपट्टी जास्त लांब हवी होती, पण खोऱ्याने दिली तेवढीच ती आहे.

हे कळले की या कंपनीच्या ताफ्याचा इतिहास उलगडतो. आपल्या सीमा सडक संघटनेने १९६८ साली इथे पहिली धावपट्टी बांधली, ती मुख्यतः भारतीय लष्कराच्या हेलिकॉप्टरांसाठी. ती इतकी आखूड होती की तिच्यावर उतरू शकेल, डोंगरांमध्ये लहान घेऱ्यात वळू शकेल आणि परत फिरण्याइतके इंधन बाळगू शकेल असेच विमान हवे होते. म्हणून डॉर्निअर आले. प्रवासी वाढले आणि १९८८ साली बीएई १४६ हे जेट आले; धावपट्टीही लांबवली गेली. चार लहान इंजिनांचे ते विमान आखूड धावपट्टीसाठीच प्रसिद्ध होते, आणि एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या तिघांच्या जोरावर दरीतून वर चढू शकत होते. पुढे २००४ साली दोन ए३१९ आली. एअरबसच्या त्या कुटुंबातले हे आखूड भावंड, पण इंजिनांचा जोर भरपूर. २०२० मध्ये ए३२० निओ आले. दुसरीकडे कंपन्या बाजार पाहून विमान घेतात. इथे आधी खोऱ्याला विचारावे लागते.

हे सगळे मी अण्णांना सांगत होते, तेव्हा ते म्हणाले की आगारातही हेच असायचे, नवी लांब गाडी आली की साहेब ती आधी महामार्गावर टाकत आणि घाटातल्या गावाला जुनी छोटीच जाई, कारण वळणावर तिचे मागचे चाक रस्त्यात राही.

साडेदहाच्या सुमारास खोऱ्याच्या तोंडाशी एक ठिपका चमकला. तो डोंगराला चिकटून वळत आला, क्षणभर कड्याआड गेला आणि आमच्या खालून धावपट्टीवर टेकला. विमान पायाखालून उतरताना पाहण्याचा तो पहिलाच अनुभव होता. पाठोपाठ भूतान एअरलाइन्सचेही विमान आले. ही देशातली दुसरी, खासगी कंपनी. तिने डिसेंबर २०११ मध्ये पिलाटस या एक इंजिनाच्या छोट्या विमानाने देशांतर्गत सेवा सुरू केली होती, पण ती फार काळ चालली नाही, आणि ऑक्टोबर २०१३ पासून कंपनी एअरबस विमानांनी परदेशी मार्गांवर उतरली.

आमच्याजवळच नाशिकहून आलेला एक मोठा गट उभा होता. अण्णांनी त्यांना विमान कुठून येणार ते आधीच दाखवून दिल्यामुळे अर्धा तास ते त्यांचे मार्गदर्शक झाले. दुपार होताच वारा सुटला. वळणावर बांधलेल्या प्रार्थनापताका आधी नुसत्या हलत होत्या, त्या आता फडफडून आवाज करू लागल्या. गाईड म्हणाला की हा रोजचा दरीतला वारा आहे आणि त्यामुळेच महत्त्वाची उड्डाणे सकाळी उरकतात. तिकीट काढताना सकाळचेच विमान घ्यावे आणि परतीच्या दिवशी पुढच्या विमानाची वेळ फार घट्ट ठेवू नये.

गाईडचे आजोबा मीठ आणि कापड आणायला थिंफूकडून भारताच्या सीमेपर्यंत चालत जात, तेव्हा एका बाजूला सहा दिवस लागत. फुंत्शोलिंग ते थिंफू हा मोटाररस्ता १९६२ साली झाला. त्याच्या चार वर्षे आधी, १९५८ मध्ये, पंडित नेहरू भूतानला आले ते नथू ला आणि चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. त्या प्रवासाला आणि कालच्या आमच्या तासाभराच्या उड्डाणाला एकच आयुष्य पुरते.

चौथा दिवस : पारो ते बुमथांग

देशांतर्गत मार्गावर ड्रुक एअरचे एटीआर ४२ जाते. पंख्यांचे, पन्नासच्या आत आसनांचे, खाली मोठ्या खिडक्या आणि वर पंख असलेले. मध्य भूतानमधल्या बुमथांगचे विमान रोज नसते, म्हणून आधी विमानाचे वार पाहावेत आणि मग बाकीची सहल आखावी. सामानाची मर्यादाही कमी असते.

सोबतीला शाळेचे दोन शिक्षक, एक भिक्खू, कोंबडीच्या पिलांच्या औषधांचा खोका घेतलेला एक अधिकारी आणि आम्ही काही पर्यटक होतो. अण्णांना हे विमान जेटपेक्षा अधिक आवडले. त्यांच्या मते हीच खरी मुक्कामाची गाडी. उत्तरेला सगळा वेळ हिमशिखरांची रांग सोबत होती आणि खाली जंगलाने भरलेल्या खोल दऱ्या, ज्यांत रस्त्याची पांढरी दोरी दिसे आणि नाहीशी होई. अर्ध्या तासाच्या आसपास आम्ही बाथपालाथांगच्या धावपट्टीवर होतो. डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ चामखार छू नदीच्या काठी, अडीच हजार मीटरच्या वर आहे. सामान ढकलगाडीवरून आले आणि ज्याने ते उतरवले त्यानेच आमच्या हातात दिले.

मला इथे आपल्या ‘वायुदूत’ची फार आठवण झाली. तीही १९८१ सालीच स्थापन झाली, तिनेही पुढे डॉर्निअर विमानेच घेतली, आणि ज्या गावांना कोणी विमान देणार नाही त्यांना ते द्यायचे असेच तिचे उद्दिष्ट होते. पुण्याच्या धावपट्टीवरूनही ती विमाने उडत. नव्वदच्या दशकात ती कंपनी मिटली. इतक्या लहान देशाची कंपनी टिकली आणि आपली टिकली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. माझे मत असे की भूतानमध्ये ही कंपनी म्हणजे देशाचा दरवाजा आहे आणि दरवाजा नफ्यातोट्याच्या हिशेबावर बंद करता येत नाही, तर आपल्याकडे रेल्वे आणि रस्ते असल्यामुळे वायुदूत कायम ‘असली तर बरी’ याच सदरात राहिली.

पाचवा दिवस : बुमथांग

रात्री पाणी गोठले होते. सकाळी जांबे ल्हाखांग हे मंदिर पाहिले. सातव्या शतकात तिबेटचे राजे सोंगत्सेन गाम्पो यांनी ते बांधले असे मानतात. तिथून कुर्जे ल्हाखांगला गेलो.

दुपारी एका शेतकऱ्याच्या घरी जेवण ठरले होते. बुमथांगच्या थंडीत भात नीट येत नाही, म्हणून इथले जुने अन्न कुट्टूचे. घरातल्या आजींनी कुट्टूच्या पिठाचा गोळा एका जाड लाकडाच्या भोकात भरला. वरून लाकडी दट्ट्या, आणि दट्ट्यावर एक लांब दांडा. आमच्या घरचा शेवेचा सोऱ्या पंधरा पट मोठा करावा तसे ते यंत्र होते. आजी त्या दांड्यावर चक्क बसल्या आणि हळूहळू खाली आल्या, तशा खालच्या उकळत्या पाण्यात तपकिरी शेवया उतरल्या. याला पुता म्हणतात. वर गरम तेलात परतलेली मिरची आणि कांद्याची पात. शिवाय कुट्टूची जाडसर धिरडी, त्यांना खुले म्हणतात, आणि मिठाचा लोण्याचा चहा, सुजा. चहा आहे असे समजून प्यायले तर तो आवडत नाही, पातळ सूप समजून प्यावा.

विमानतळाने काय बदलले असे मी गाईडमार्फत आजींना विचारले. त्यांनी जरा विचार करून सांगितले की नात थिंफूत शिकते, ती पूर्वी वर्षातून एकदा येई, आताही एकदाच येते, कारण तिकीट महाग आहे. पण मागच्या हिवाळ्यात आजोबा आजारी पडले तेव्हा ती त्याच दिवशी आली.

सहावा आणि सातवा दिवस : रस्त्याने परत

विमानाने गेलेले अंतर आम्ही ठरवून मोटारीने परत आलो. पहाटे निघून योतोंग ला ही ३,४०० मीटरच्या वरची खिंड ओलांडली, त्रोंग्साचा झोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ, मागे टाकल्यानंतरही दरीला पूर्ण वळसा घालेपर्यंत तो पलीकडच्या कड्यावर दिसत राहिला, मग पेले ला, आणि पुनाखाला टेकलो तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी दोचुला खिंडीतले १०८ स्तूप पाहून पारो गाठले. आदल्या उड्डाणात पांढऱ्या दोरीसारखा दिसलेला रस्ता तो हाच. अण्णा चालकाच्या शेजारी बसले होते आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसूनही पूर्ण दिवस त्यांचे बोलणे चालू होते. ज्यांना गाडी लागते त्यांनी सकाळी पोट हलके ठेवावे, गोळी जवळ असू द्यावी आणि बुमथांगला एकदा तरी विमानाने जावे.

आठवा दिवस : पारो ते दिल्ली

परतीचे विमान काठमांडूमार्गे दिल्लीचे होते. या दिशेने उजवीकडची खिडकी हवी, आणि ती मी अण्णांना दिली. सकाळच्या स्थिर हवेत विमान वर चढले, जोमोल्हारी मागे पडले आणि मग एकेक करून ती सगळी आली. कांचनजंगा, मकालू, ल्होत्से आणि त्यांच्या मागे वाऱ्याने उडणाऱ्या बर्फाचा पदर घेतलेले एव्हरेस्ट. वैमानिकाने नावे सांगितली. आमच्या मागच्या रांगेतल्या मुलीला दिसावे म्हणून अण्णा आसनात मागे रेलून बसले, आणि तिने शिखर पाहून होईपर्यंत पुढे झाले नाहीत.

दिल्लीत विमानातून बसने इमारतीकडे निघालो. चहूकडे मोठाली विमाने उभी होती. अण्णांनी त्यांतून पिवळ्या-नारिंगी शेपटाचे आमचे विमान हुडकून मला दाखवले. त्याच्याजवळ इंधनाची गाडी लागली होती आणि पोटातून सामान उतरत होते. दुपारीच ते परत निघणार होते, कारण अंधार पडायच्या आत त्याला पारोत पोहोचायचे होते.